ड्रेसाज

ड्रेसाज हा अश्वारोहणाचा एक प्रकार आहे. त्यात घोडा आणि स्वार ठरावीक मापाच्या सपाट मैदानात नेमून दिलेल्या हालचाली क्रमाने करून दाखवतात. उड्या, अडथळे किंवा शर्यत यांना त्यात स्थान नाही. घोडा किती वेगाने धावला हे येथे मोजले जात नाही. तो किती मोकळेपणाने, समतोल राखून आणि स्वाराच्या किती सूक्ष्म खुणेवर चालला, हे पाहिले जाते. ऑलिंपिकमधील क्रीडाप्रकार म्हणून ड्रेसाज प्रसिद्ध असला तरी तो मुळात घोड्याच्या शिक्षणाची पद्धती आहे. स्पर्धा ही त्या शिक्षणाची परीक्षा होय. जगभरात ही परीक्षा देणाऱ्यांत व्यावसायिकांपेक्षा नोकरी, संसार सांभाळून एखाद-दुसरा घोडा राखणारे हौशी स्वार अधिक आहेत.

== नाव आणि मराठी परिभाषा ==

'ड्रेसाज' हा शब्द फ्रेंच असून 'शिकवून तयार करणे' असा त्याचा अर्थ आहे. मराठीत त्याला रूढ प्रतिशब्द नाही; मात्र अश्वविद्येची मराठी परिभाषा दरिद्री मुळीच नाही. पागा, खोगीर, रिकीब, लगाम, मोतद्दार, शिलेदार, बारगीर हे शब्द मराठ्यांच्या घोडदळाने भाषेत रुजवले. घोडे तयार करणाऱ्याला 'चाबूकस्वार' म्हणत. घोड्याला गोल फिरवण्याला 'कावा' असा शब्द होता. तो आज 'गनिमी कावा'मध्ये केवळ डावपेचाच्या अर्थाने उरला आहे. स्वाराच्या खोगिरावरील बैठकीला 'मांड' म्हणतात. 'मांड पक्की असणे' हा वाक्प्रचार आता घोड्यावर कधीही न बसलेली माणसेही वापरतात. ड्रेसाजचे सारे शिक्षण अखेरीस या मांडीपाशीच येऊन थांबते, म्हणून हा शब्द येथे विशेष उपयोगाचा आहे.

== पूर्वपीठिका ==

ग्रीक लेखक झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. बळजबरीने करून घेतलेल्या हालचालीत सौंदर्य नसते, हा त्याचा मुख्य विचार. फटके मारून नर्तकाला नाचवता येत नाही, तसेच घोड्यालाही, असे त्याने म्हटले आहे. भारतात अश्वविद्येचे श्रेय शालिहोत्राला दिले जाते. घोड्यांच्या वैद्याला मराठीत 'सालोत्री' म्हणतात ते त्याच्याच नावावरून. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात घोड्यांची परीक्षा आणि राजाच्या अश्वक्रीडा यांचे वर्णन आहे.

आजच्या ड्रेसाजचा पाया मात्र युरोपातील राजदरबारांत घातला गेला. फ्रेंच अश्वशिक्षक ला गेरिनियेर याचा ग्रंथ १७३३ मध्ये आला. घोड्याचा खांदा किंचित आत वळवून त्याला तिरके चालवण्याची जी कसरत त्याने मांडली, ती आजही जवळजवळ प्रत्येक शिक्षणक्रमात आहे. व्हिएन्नातील स्पॅनिश रायडिंग स्कूलने ही परंपरा अखंड जपली.

ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचा समावेश १९१२ साली स्टॉकहोम येथे झाला. पण बराच काळ तो लष्करी अधिकाऱ्यांपुरताच राहिला. १९४८ साली स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक जिंकले आणि पुढे संघातील एक स्वार अधिकारी नसल्याचे कारण देऊन ते काढून घेण्यात आले. १९५२ साली हेलसिंकी येथे सामान्य नागरिक आणि स्त्रिया यांना प्रवेश मिळाला. त्याच स्पर्धेत डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी 'ज्युबिली' या घोडीवर बसून रौप्यपदक मिळवले. १९४४ मध्ये त्यांना पोलिओ झाला होता. गुडघ्यांखाली पायांत बळ उरले नव्हते आणि घोडीवर चढता-उतरताना मदत लागे. टाचेची खूण देणे शक्य नसल्याने ज्युबिली त्यांच्या शरीरभाराच्या किंचित बदलावरून इशारा ओळखायला शिकली. १९५६ सालीही या जोडीने रौप्यपदक जिंकले. ड्रेसाजमध्ये शिक्षण दोन्ही बाजूंनी घडते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

== मैदान आणि गुणदान ==

स्पर्धेचे मोठे मैदान ६० मीटर लांब व २० मीटर रुंद असते. प्राथमिक पातळीवर ४० बाय २० मीटरचे मैदान चालते. कडेने ठरावीक अंतरावर रोमन अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतात. स्वार 'ए'पाशी आत येतो, समोर 'सी'पाशी मुख्य परीक्षक बसतो आणि मैदानाचा मध्यबिंदू 'एक्स' मानला जातो. अक्षरांचा क्रम वर्णमालेप्रमाणे नाही. तो तसा का, याविषयी अनेक कथा सांगितल्या जातात, त्यांपैकी एकही निर्णायक नाही.

प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण मिळतात व बेरीज टक्केवारीत मांडली जाते. दहा गुण क्वचितच पडतात. ऑलिंपिक पातळीवरही सत्तर टक्क्यांच्या पुढचे गुण उत्तम समजले जातात. शालेय गुणपत्रिकेची सवय असलेल्या वाचकाला हे आकडे कमी वाटतील. गुणांबरोबर परीक्षकाचा लेखी शेराही मिळतो आणि शिकणाऱ्याला गुणांपेक्षा त्याचाच उपयोग अधिक होतो.

== घोड्याचे शरीर आणि शिक्षणाच्या पायऱ्या ==

मोकळ्या उभ्या असलेल्या घोड्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. माणसाप्रमाणे घोड्याला गळपट्टीचे हाड नसते. छातीचा भाग पुढच्या दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगल्यासारखा असतो. पाठीवर माणूस बसला की हा पुढचा भार आणखी वाढतो. घोडा पाठ खाली टाकतो, मान ताठ करतो, पावले आखडतात. काही वर्षे असेच चालले तर पाठ व पाय दोन्ही बिघडतात. मागच्या पायांनी अधिक भार उचलावा आणि पाठ वर येऊन स्वाराला तोलावे, यासाठी घोड्याचे स्नायू हळूहळू घडवणे हा ड्रेसाजचा खरा हेतू आहे. पाहणाऱ्याला जे नृत्यासारखे दिसते, ते या घडणीचे फळ होय.

शिक्षणाच्या सहा पायऱ्या मानल्या जातात : ठेका, लवचीकपणा, लगामाशी शांत संपर्क, मागच्या पायांचा जोर, सरळपणा आणि एकवटलेपणा. पहिली पायरी ठेक्याची. घोड्याच्या साध्या चालीत चार ठेके, दुडकीत दोन आणि मध्यम दौडीत तीन ठेके ऐकू येतात. ठेका चुकू लागला की घोडा दुखावला आहे, घाबरला आहे किंवा त्याला न समजणारे काही मागितले जात आहे, असे समजावे. सरळपणाची पायरी बरीच पुढे येते, याचे नवख्याला आश्चर्य वाटते. पण माणूस जसा उजवा किंवा डावरा असतो तसा घोडाही एका बाजूला सहज वळतो आणि दुसऱ्या बाजूला अडतो. दोन्ही बाजू सारख्या होण्यास महिने नव्हे, वर्षे लागतात. जागच्या जागी दुडकी, संथ उसळती दुडकी, दौडीत प्रत्येक पावलाला पाय बदलणे या सर्वोच्च पातळीच्या हालचाली त्यानंतरच्या. तिथवर अनेक घोडे कधीच पोहोचत नाहीत, आणि त्यात काही गैर नाही.

== प्रौढ हौशी स्वार ==

अमेरिकेसारख्या देशांत स्पर्धांमध्ये 'प्रौढ हौशी' असा स्वतंत्र गट असतो. मोबदला घेऊन शिकवणारे किंवा घोडे तयार करणारे त्यात बसत नाहीत. तिशी-चाळिशीनंतर खोगिरावर बसणाऱ्याची अडचण लहान मुलापेक्षा वेगळी असते. मूल पडते आणि उठते. प्रौढ माणूस पडण्याचा विचार करतो. भीतीने मांड्या आवळल्या जातात, श्वास रोखला जातो, हात लगामाला लोंबकळतो. अंगावर बसलेली माशी जाणवणाऱ्या घोड्याला हे सारे लगेच कळते. आवळलेल्या मांड्यांचा अर्थ त्याच्या लेखी 'पुढे चल' आणि ओढलेल्या लगामाचा अर्थ 'थांब'. दोन्ही आज्ञा एकदम मिळाल्यावर गोंधळलेल्या घोड्याला हट्टी ठरवले जाते.

म्हणून चांगला शिक्षक प्रौढ विद्यार्थ्याला आरंभी लगाम हाती देतच नाही. शिक्षक लांब दोरीवर घोडा गोल फिरवतो, म्हणजे तोच जुना कावा, आणि स्वार रिकिबीशिवाय बसून आपली कंबर घोड्याच्या पाठीबरोबर हलू द्यायला शिकतो. पुढे 'अर्धा थांबा' येतो : चालता चालता क्षणभर श्वास सोडून, पाठ सावरून, बाहेरचा लगाम किंचित मिटायचा आणि लगेच सैल करायचा. घोडा थांबत नाही, तो सावरतो. यातले सैल करणे हेच बक्षीस असते. ते अर्ध्या क्षणाने उशिरा झाले तरी घोड्याला काय बरोबर केले हे कळत नाही. प्रौढ स्वाराची वर्षे जातात ती प्रामुख्याने या अर्ध्या क्षणापायी.

यात घोड्यावरील प्रेमाचा प्रश्न येतोच. आवडता घोडा पुढच्या पातळीला पुरेसा नाही असे शिक्षकाने सांगितल्यावर तो विकून दुसरा घ्यावा, की त्याच्यासह आहे तिथेच राहावे, हा निर्णय अनेक हौशी स्वारांपुढे उभा राहतो. प्रेम शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. गूळ खाऊ घातल्याने घोड्याची पाठ बळकट होत नाही. पण दररोज अंगावर हात फिरवणाऱ्यालाच खोगिराखालची बारीक सूज, पायातील ऊब, डोळ्यांतील मरगळ आधी कळते.

वयाची अट या खेळात जवळजवळ नाही. जपानचे हिरोशी होकेत्सु १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उड्यांच्या प्रकारात उतरले होते. नोकरीतील आयुष्य संपवून ते ड्रेसाजसाठी जर्मनीत राहू लागले, २००८ साली पुन्हा ऑलिंपिकमध्ये आले आणि २०१२ साली लंडनमध्ये वयाच्या ७१ व्या वर्षी 'व्हिस्पर' या आपल्या घोडीसह सहभागी झाले. अमेरिकेतील द ड्रेसाज फाउंडेशनने १९९६ मध्ये 'सेंच्युरी क्लब' सुरू केला. घोडा आणि स्वार यांच्या वयांची बेरीज शंभर किंवा अधिक असेल आणि त्यांनी एकत्र एक परीक्षा दिली असेल, तर त्यांना त्यात प्रवेश मिळतो.

== भारतातील स्थिती ==

भारतात अश्वारोहण दीर्घकाळ सैन्याच्या आश्रयाने टिकले. पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना घोडेस्वारी शिकवली जाते. नागरी संस्थांमध्ये मुंबईच्या महालक्ष्मी येथील अमॅच्युअर रायडर्स क्लब जुना आहे. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने २०९.२०५ गुणांसह सुवर्णपदक जिंकले. अश्वारोहणातील सुवर्णपदक भारताला १९८२ नंतर प्रथमच मिळाले. संघात अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला होते. पैकी छेडा मुंबईचे. वैयक्तिक प्रकारात अगरवाला यांना कांस्यपदक मिळाले. छेडा यांना मात्र अंतिम फेरीत घोड्याच्या पायावर रक्त दिसल्यामुळे बाद ठरवण्यात आले. हा नियम कठोर वाटला तरी त्यामागील भूमिका स्पष्ट आहे : जखम कशी झाली याची चर्चा नंतर, आधी घोडा थांबवायचा.

घोड्याची मान बळाने छातीकडे वळवून ठेवण्याच्या पद्धतीला आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने २०१० मध्ये अमान्य ठरवले. थोबाडपट्टा किती आवळला आहे हे मोजण्याचे उपकरण महासंघाच्या स्पर्धांत २०२५ पासून वापरले जाते. पदकाच्या हव्यासापायी झेनोफनचा विचार किती सहज विसरला जातो, हे अशा नियमांवरून दिसते.

== अंथुर्णे परिसर ==

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांचा प्रदेश भीमा आणि नीरा या नद्यांच्या दरम्यानचा आहे. भीमथडी घोड्याचे नाव याच भीमाकाठावरून आले. अंगाने लहान, काटक आणि थोड्या चाऱ्यावर तग धरणारा हा घोडा मराठ्यांच्या घोडदळाचा आधार होता. पुढे मेंढरांमागे भटकणाऱ्या धनगरांनी तो ओझ्यासाठी राखला. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. ड्रेसाजच्या वरच्या स्पर्धांत उंच युरोपीय घोड्यांचे वर्चस्व असले तरी प्राथमिक परीक्षांना जातीची अट नाही. ठेका, लवचीकपणा आणि संपर्क या तीन पायऱ्या कोणत्याही निरोगी घोड्याला शिकवता येतात.

या भागात घोड्याचे जाहीर दर्शन घडते ते आषाढी वारीत. संत तुकाराम महाराजांची पालखी सणसरचा मुक्काम आटोपून बेलवाडीत येते. तेथे तिचे पहिले गोल रिंगण होते, आणि त्यानंतर ती अंथुर्ण्यात मुक्कामी येते. आदल्या दिवशी काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण झालेले असते. बेलवाडीत पताकाधारी, तुळस घेतलेल्या स्त्रिया, विणेकरी धावल्यावर अश्व धावतात. एकावर स्वार असतो, दुसरा देवाचा म्हणून त्याची पाठ मोकळी असते. टापांखालची माती भाविक कपाळी लावतात. रिंगण हे ड्रेसाज नव्हे. तेथे परीक्षक नाही की गुण नाहीत. अश्वशिक्षणाच्या दृष्टीने मात्र ते लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. टाळ-मृदंगांच्या गजरात, हजारो माणसांच्या मधोमध, पाठीवर कोणी नसताना घोडा वर्तुळ धरून धावतो, तेव्हा त्यामागे सरावाने आलेला निर्धास्तपणा असावा लागतो. ड्रेसाजचे शिक्षकही घोड्यात प्रथम हाच गुण पाहतात.

सरावासाठी मोठा खर्चही आवश्यक नाही. ४० बाय २० मीटरच्या मैदानाला सुमारे आठ गुंठे जमीन लागते. साठ मीटरच्या मैदानाला बारा. पीक निघालेल्या सपाट रानात फक्कीने रेषा आखून, कडेला अक्षरांच्या पाट्या रोवल्या की मैदान तयार होते. जमीन मात्र पारखून घ्यावी लागते. काळी जमीन ओली असता खुरांना धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन्ही वेळी घोड्याचा पाय मुरगळण्याचा धोका असतो. मुरमाचा टणकपणा दुडकीचा प्रत्येक हादरा सांध्यांपर्यंत पोहोचवतो. वाळूमिश्रित, किंचित दबणारी जमीन सर्वांत चांगली, आणि वर्तुळे रोज त्याच जागी न घेता सरकवत राहिल्यास तिला चर पडत नाही.