चावी आत जाते, झाकण उघडत नाही

पावसाळ्यात कोल्हापुरातल्या पेट्रोल पंपावर थोडा वेळ उभे राहिले, तर हे दृश्य सहज दिसते. दुचाकीवाला टाकीच्या लॉकमध्ये चावी घालतो, फिरवून बघतो, काढतो, फुंकर मारतो, परत घालतो. मागे हॉर्न सुरू होतात. नोझल धरून उभा असलेला पोरगा म्हणतो, ‘‘भावा, गाडी जरा बाजूला घे की.’’ चारचौघांत लाज वाटते म्हणून मग चावी जोर लावून पिळली जाते. कधी ती वाकते, तर कधी निम्मी हातात आणि निम्मी लॉकमध्ये राहते. फुकटात होणारे काम तिथून खर्चात जाते.

वास्तविक असे लॉक बहुतेक वेळा बिघडलेले नसते, मळलेले असते. त्याची रचनाही साधी आहे. एक छोटे नळकांडे, त्यात ओळीने बसवलेल्या धातूच्या पातळ पत्त्या आणि प्रत्येक पत्तीला रेटणारी बारीक स्प्रिंग. चावीचे दाते बरोबर बसले की सगळ्या पत्त्या नळकांड्याच्या आत ओढल्या जातात आणि ते फिरते. एखादी पत्ती केसभर बाहेर राहिली तरी सगळे अडते. अमेरिकेत फिलो फेल्टर याने 1868 साली अशा कुलपाचे पेटंट घेतले. ऑफिसातल्या टेबलाच्या ड्रॉवरला आजही बहुधा हेच कुलूप असते. फरक एवढाच, की ड्रॉवर पावसात उभा राहत नाही.

नळकांडे फिरले की त्याच्या शेपटाकडचा खटका बाजूला सरकतो आणि झाकण सुटते. म्हणजे अडायच्या जागा दोन. चावी पूर्ण आत जात नसेल किंवा जागची हलत नसेल, तर घोटाळा पत्त्यांत आहे. चावी थोडी फिरून थांबत असेल, तर खटका गंजलेला असतो किंवा झाकणाखालचे रबरी वायसर फुगून खटक्यावर ताण देत असते. दुसऱ्या प्रकारात एक युक्ती बऱ्याचदा लागू पडते. तळहाताने झाकण खाली दाबून धरायचे आणि मग चावी हलक्या हाताने फिरवायची. ताण सुटला की खटका सरकतो. बुक्क्या मारून मात्र काहीच साधत नाही.

आता मळ येतो कुठून ते पाहू. कोल्हापूरकराला त्यासाठी लांब जावे लागत नाही. गगनबावडा-राधानगरीकडची लाल माती, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून उडणारा धुरळा, वॉशिंग सेंटरवर थेट चावीच्या भोकात मारलेला पाण्याचा फवारा, हे सगळे आहेच. शिवाय चैत्रात जोतिबाचा डोंगर गुलालाने न्हातो, तेव्हा खाली लावलेल्या गाड्याही त्यातून सुटत नाहीत. त्यात कुणी लॉकमध्ये इंजिन ऑइल सोडून ठेवले असेल, तर गुलाल आणि तेल मिळून आत घट्ट लगदा तयार होतो. पंचगंगेची तऱ्हा तर वेगळीच. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका समजतात. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि शाहूपुरी, नागाळा पार्क अशा भागांत शिरले. पुरात बुडालेल्या गाडीचे इंजिन लोक आधी बघतात, पण लॉकमध्ये बसलेला गाळ तसाच राहतो आणि वाळल्यावर पत्त्या धरून ठेवतो.

उपाय करताना क्रम महत्त्वाचा. घरात पडून असलेली दुसरी चावी आधी लावून पाहावी. रोजच्या चावीचे दाते झिजलेले असतात. तीही फिरली नाही, तर लॉकमध्ये डब्ल्यूडी-40 सारखा स्प्रे मारून थोडा वेळ थांबावे आणि चावी आत-बाहेर करत राहावे, फिरवू नये. चावीवर काळा चिखल येईल. तो पुसायचा आणि चावी स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहायचे. हा स्प्रे 1953 साली अमेरिकेत तयार झाला तो पाणी हटवण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी. टिकाऊ वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नये. म्हणून लॉक मोकळे झाले की हवा मारून सुकवावे आणि मगच कोरडे वंगण द्यावे. उघड्यावर भिजणाऱ्या टाकीला टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे बरा. पेन्सिलीच्या शिशाची भुकटीही चालते, पण ती तेलावर टाकली की पुन्हा लगदाच होतो. खोबरेल तेलाचा घरगुती उपाय तर करूच नये, थंडीत ते लॉकमध्येच गोठते.

चावी काडीपेटीवर तापवून घालणारेही महाभाग आहेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, टाकीभोवती रेंगाळते आणि ठिणगीने पेट घेते. टाकीपाशी ज्योत नेण्यापेक्षा गाडी ढकलत गॅरेजला नेलेली परवडली.

पल्सरसारख्या गाड्यांचे झाकण टाकीत सपाट बसते आणि बिजागरीवर उघडते. त्याच्या भोवतीच्या खळग्यात साचलेले पाणी जाण्यासाठी एक बारीक भोक असते आणि तिथून निघालेली नळी गाडीच्या तळाशी येते. ही नळी मातीने बुजली की पाणी झाकणाभोवती तुंबते, खटका गंजतो आणि वायसर जुने असेल तर पाणी टाकीत झिरपते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाणी शोषते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. इंजिनाकडे पेट्रोल जाते तेही तळाकडूनच, मग गाडी आचके देऊ लागते. ज्या जिल्ह्यातले साखर कारखाने इथेनॉल पुरवतात, तिथल्या दुचाकीवाल्याला तरी ही नळी ठाऊक असायला हवी. नायलॉनची तार घालून ती मोकळी करणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

झाकणात हवेसाठीही एक सूक्ष्म वाट असते. तेलकट मळाने ती बंद झाली, की पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होते, पुरवठा तुटतो आणि चांगली चालणारी गाडी मध्येच बंद पडते. झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष कार्बोरेटरला देऊ नये.

एवढे करूनही लॉक दाद देत नसेल, तर मिस्त्रीकडे जावे. बाबूराव पेंटरांनी 1918 साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला ते हे शहर आहे आणि उद्यमनगरात आजही लेथ फिरत असतात. मोडलेल्या चावीचा तुकडा काढणारा हात इथे मिळतोच. पण नवे झाकण घेताना विचार करावा. सुटे झाकण स्वस्त पडते, पण मग इग्निशनची चावी वेगळी आणि टाकीची वेगळी. पूर्ण लॉक सेट महाग पडतो. यातला मधला मार्ग चावीवाल्याकडे असतो. नव्या लॉकमधल्या पत्त्या बदलून तो जुनीच चावी चालेल असे करून देऊ शकतो. त्याच्याकडे जाताना मात्र कपाटातली न वापरलेली चावी न्यावी, कारण झिजलेल्या चावीवरून काढलेल्या डुप्लिकेटमध्ये झीजही जशीच्या तशी उतरते.