घरचा प्रिंटर बदलताना : किंमत एकदाची, खर्च नेहमीचा

लघुउद्योजकाचे घर आणि त्याचे कार्यालय यांच्यातील भिंत बहुधा पातळच असते. जबलपूर शहरातील अधारताल परिसरालगतच्या रिछाई औद्योगिक क्षेत्रासारख्या वसाहतीत याचा सहज प्रत्यय येतो. दिवसा कारखान्यातून निघालेल्या मालाची बिले रात्री घरच्या संगणकावर तयार होतात. त्याच संगणकाला जोडलेल्या प्रिंटरवर मुलांचे शालेय प्रकल्प छापले जातात, आणि निवृत्त वडीलधाऱ्यांची कागदपत्रेही तेथेच निघतात. हा प्रिंटर एके दिवशी बंद पडला की संपूर्ण घराची अडचण होते, आणि घाईघाईने दुकानातील सर्वांत स्वस्त यंत्र घरी येते. पुढील पाच वर्षांचा खर्च नेमका त्या घाईच्या क्षणी ठरून जातो. म्हणून हा निर्णय कोणत्या हिशेबाने घ्यावा, याचा येथे विचार करू.

जुन्या यंत्राचा निकाल

प्रिंटर बंद पडला म्हणजे तो निकामीच झाला, असे नव्हे. कागद ओढला जात नसेल, तर बहुतेक वेळा आतील रबरी रूळ गुळगुळीत झालेला असतो. तो स्वच्छ करणे किंवा बदलणे हे अल्प खर्चाचे काम आहे. शाईच्या प्रिंटरमध्ये सफाईच्या वेळी वाया जाणारी शाई शोषून घेणारा एक पॅड असतो. तो भरला की काही यंत्रे छपाई थांबवतात. हा पॅडही बदलता येतो. मात्र शाई सोडणारे मुख्य अंग, म्हणजे प्रिंटहेड, वाळून कायमचे बंद झाले असेल, तर दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळपास जाऊ शकतो.

आणखी एक कारण यंत्राबाहेरचे असते. २०२१ साली आलेली विंडोज ११ ही प्रणाली केवळ ६४-बिट स्वरूपात आहे. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर केवळ ३२-बिट असेल, तर धडधाकट यंत्रही नव्या संगणकावर चालत नाही.

येथे लेखाशास्त्रातील एक तत्त्व उपयोगी पडते. जुन्या यंत्रावर पूर्वी झालेला खर्च हा झालेला खर्च होय. पुढील निर्णयात त्याला स्थान नाही. ‘दोन कार्ट्रिज शिल्लक आहेत’ एवढ्याच कारणासाठी महागडी दुरुस्ती करू नये.

तीन यंत्रे, तीन स्वभाव

घरगुती वापरासाठी प्रामुख्याने तीन प्रकार उपलब्ध आहेत. पहिला कार्ट्रिजचा इंकजेट, दुसरा शाईच्या टाकीचा इंकजेट आणि तिसरा लेझर.

इंकजेट प्रिंटर शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर उडवतो. १९७७ साली जपानमधील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत शाईने भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेले सोल्डरिंगचे उपकरण लागले व शाई बाहेर उडाली. उष्णतेने थेंब उडवण्याच्या त्या कंपनीच्या तंत्राचा उगम या घटनेत आहे. कार्ट्रिजच्या यंत्रात ही शाई छोट्या डबीत असते, तर टाकीच्या यंत्रात ती बाटलीतून भरता येते. लेझरमध्ये शाई नसतेच. प्रकाशाने एका ड्रमवर विद्युतभाराची प्रतिमा उमटते, तिला टोनरची कोरडी भुकटी चिकटते आणि उष्णतेने ती भुकटी वितळून कागदावर पक्की बसते. या तंत्राचा पाया अमेरिकेतील चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी केलेल्या पहिल्या यशस्वी कोरड्या छपाईत आहे.

खरेदीच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग असा की, कार्ट्रिजचे यंत्र स्वस्त असते आणि त्याची शाई महाग असते. टाकीच्या यंत्रात नेमके उलट घडते.

पानाचा हिशेब

समजा, कार्ट्रिजचा प्रिंटर ४,००० रुपयांना मिळतो व त्याची ८०० रुपयांची कार्ट्रिज १६० पाने छापते. म्हणजे दर पानाला ५ रुपये. टाकीचा प्रिंटर १२,००० रुपयांना मिळतो व ४०० रुपयांची काळी शाई ४,००० पाने छापते, म्हणजे दर पानाला १० पैसे. लेझर १४,००० रुपयांना मिळतो आणि २,४०० रुपयांचा टोनर १,५०० पाने छापतो, म्हणजे दर पानाला १ रुपया ६० पैसे. चौथा पर्याय दुकानातील छपाईचा. तेथे पानाला ६ रुपये पडतात, पैकी १ रुपया कागदाचा धरू. सर्वत्र कागदाचा खर्च वगळला, तर दुकानाचा दर ५ रुपये राहतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या बाजारातील दर घेऊन हाच हिशेब मांडावा.

आता पाच वर्षांचा एकूण खर्च पाहू.

महिन्याला १० पाने, म्हणजे एकूण ६०० पाने : कार्ट्रिज ७,००० रुपये, टाकी १२,०६० रुपये, लेझर १४,९६० रुपये, दुकान ३,००० रुपये.

महिन्याला ३० पाने, म्हणजे एकूण १,८०० पाने : कार्ट्रिज १३,००० रुपये, टाकी १२,१८० रुपये, लेझर १६,८८० रुपये, दुकान ९,००० रुपये.

महिन्याला १०० पाने, म्हणजे एकूण ६,००० पाने : कार्ट्रिज ३४,००० रुपये, टाकी १२,६०० रुपये, लेझर २३,६०० रुपये, दुकान ३०,००० रुपये.

या उदाहरणात महिन्याला २७ पानांपर्यंत कार्ट्रिजचे यंत्र टाकीच्या यंत्रापेक्षा स्वस्त पडते, त्यापुढे महाग. दुकानाच्या तुलनेत टाकीचे यंत्र सुमारे ४१ पानांपासून परवडू लागते. त्याहून कमी छपाई असणाऱ्या घराने यंत्र घेऊ नये असे नाही, परंतु ते बचतीसाठी नसून सोयीसाठी घेत आहोत, हे जाणून घ्यावे. आपली खरी गरज समजण्यासाठी वर्षभरात कागदाची किती रिमे संपतात ते आठवावे. एका रिमात ५०० कागद असतात.

वेष्टनावर दिलेली पानांची संख्या मनाने ठरवलेली नसते. इंकजेटसाठी आयएसओ/आयईसी २४७११ आणि एकरंगी लेझरसाठी आयएसओ/आयईसी १९७५२ ही आंतरराष्ट्रीय मानके त्यामागे असतात. मात्र ती चाचणी सलग छपाईवर आधारलेली असते. घरी अधूनमधून छपाई होते आणि मधल्या सफाईत बरीच शाई खर्च होते, त्यामुळे प्रत्यक्षात पाने कमी मिळतात. शिवाय यंत्रासोबत येणारी पहिली कार्ट्रिज किंवा टोनर अनेकदा पूर्ण भरलेला नसतो.

हवामान आणि वीज

जबलपूरच्या मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. सुटीत महिनाभर न वापरलेल्या इंकजेटची शाई अशा वेळी प्रिंटहेडमध्ये वाळण्याचा धोका असतो. इंकजेट घेतल्यास आठवड्यातून एखादे रंगीत पान छापावे आणि यंत्र त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावे, म्हणजे प्रिंटहेड झाकणाखाली नीट बसते. लेझरची भुकटी वाळत नाही. छपाई कमी व अनियमित असेल, तर दर पानाचा हिशेब बाजूला ठेवूनही लेझरचा विचार करण्याचे हे सबळ कारण आहे.

लेझरला मात्र विजेची वेगळी गरज असते. भुकटी वितळवणारा भाग तापताना ते यंत्र काही क्षण शेकडो वॅट वीज ओढते. म्हणून ते संगणकाच्या लहान यूपीएसवर जोडू नये. पावसाळ्यात दमट झालेला कागद कोणत्याही यंत्रात अडकतो, यासाठी रीम बंद वेष्टनात ठेवावे.

कागद किती वर्षे टिकावा?

कागदाचे आयुष्य हा उद्योजकांसाठी कळीचा प्रश्न आहे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, जपावी लागतात. मालाच्या कागदी बिलाच्या तीन प्रती कराव्या लागतात : मूळ प्रत खरेदीदाराला, दुसरी वाहतूकदाराला व तिसरी विक्रेत्याला.

साध्या रंगद्रव्याच्या शाईवर पाण्याचा थेंब पडला तर अक्षर पसरते. पिगमेंट प्रकारची शाई पाण्याला बरीच दाद देत नाही. लेझरची छपाई ओलाव्याला टिकते. तथापि ती काही प्रकारच्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात दीर्घकाळ ठेवल्यास अक्षरे प्लास्टिकला चिकटू शकतात. एटीएमच्या अनेक पावत्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात व कालांतराने फिकट होतात, म्हणून महत्त्वाच्या पावतीची छायाप्रत काढून ठेवावी.

रोज अनेक प्रतींची चलने काढणाऱ्या कारखान्याला डॉट मॅट्रिक्स यंत्र अजूनही उपयोगी आहे, कारण त्याची सुई एका ठोक्यात कार्बनसह सर्व प्रती उमटवते. त्या कामाचा भार घरच्या यंत्रावर टाकू नये.

गोपनीयतेचे मोल

दुकानातील छपाई स्वस्त असली, तरी तिची एक बाजू रुपयांत मोजता येत नाही. बँकेचे विवरणपत्र किंवा आधारची प्रत दुकानदाराच्या मोबाइलवर पाठवली, की ती त्याच्याकडे राहते. अशा कागदांची छपाई वारंवार लागत असेल, तर घरचे यंत्र हा सुरक्षिततेवरील खर्च समजावा. दुकानातच जावे लागले, तर आधारचे केवळ शेवटचे चार अंक दाखवणारे मास्क्ड आधार वापरावे आणि आपल्या समोर ती फाइल पुसून घ्यावी.

त्याआधी छपाई आवश्यक आहे का, हेही तपासावे. निवृत्तिवेतनधारकांना २०१४ पासून जीवन प्रमाण या सुविधेद्वारे हयातीचा दाखला कागदाविना देता येतो. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये अनेक दाखले मोबाइलवरच उपलब्ध असतात.

जुन्या यंत्राची पाठवणी

नवे यंत्र आले की जुने भंगारवाल्याकडे देण्याचा मोह होतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत प्रिंटर व कार्ट्रिज यांचा समावेश आहे. त्यामुळे ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे किंवा कंपनीच्या संकलन केंद्राकडेच द्यावेत. वाय-फायचा प्रिंटर असेल, तर देण्यापूर्वी त्याची मूळ स्थिती पुनर्स्थापित करावी, म्हणजे घरच्या जाळ्याचा संकेतशब्द त्यातून पुसला जातो.

दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : महिन्याची पाने, त्यांपैकी रंगीत किती, ती किती वर्षे टिकायला हवीत, आणि यंत्र किती दिवस बंद राहते. विक्रेत्याला यंत्राच्या किमतीबरोबरच शाईची किंमत, तिची पाने, काळी शाई शिल्लक असताना रंगीत संपली तरी यंत्र छापते का, आणि जबलपूरमध्ये सेवा केंद्र कोठे आहे, हे विचारावे. कर्ज घेताना केवळ हप्ता न पाहता एकूण परतफेड पाहावी, असे आम्ही ग्राहकांना नेहमी सांगतो. प्रिंटरच्या खरेदीलाही हाच नियम लावावा.