तागाचा इतिहास आणि तुलनेचे एकक : भारत व बांगलादेश

मराठीत 'ताग' हा शब्द दोन वनस्पतींना लावला जातो. महाराष्ट्रातील शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो ताग वेगळा आणि ज्याच्या धाग्यापासून गोणपाट विणतात तो बंगालमधील ताग, म्हणजे तेथील 'पाट', वेगळा. एका नावाखाली दोन वस्तू येत असतील, तर तुलनेपूर्वी नावाची छाननी करावी लागते. याच्या उलट, मुळात एकच असलेली वस्तू दोन नावांखाली विभागली गेली असेल तर काय करावे, हा प्रश्न अधिक अवघड आहे. भारत व बांगलादेश यांच्या ताग-उत्पादनाची तुलना करताना तो पदोपदी उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या तुलनेची रूपरेषा मांडून तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने तिचा विचार करावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात स्कॉटलंडमधील डंडी येथे ताग यंत्रावर कातला जाऊ लागला. १८५३-५६ च्या क्रिमियन युद्धाने रशियातून येणारा जवस-धागा दुर्मीळ होताच तागाची मागणी वाढली. १८५५ मध्ये हुगळीकाठी रिशरा येथे भारतातील पहिली ताग-गिरणी उभी राहिली. पुढे एक श्रमविभाग रूढ झाला : शेत प्रामुख्याने पूर्व बंगालात, गिरणी हुगळीच्या तीरावर, आणि दोहोंना जोडणारे नद्यांचे व रेल्वेचे मार्ग. या काळात 'दोन देशांचे उत्पादन' अशी वस्तूच अस्तित्वात नव्हती.

१९४७ च्या फाळणीने लागवडीखालील सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्र पाकिस्तानात गेले, तर शंभरांहून अधिक गिरण्या सर्वच्या सर्व भारतात राहिल्या. १९४९ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि उभयतांमधील तागाचा व्यापार ठप्प झाला. त्यानंतर प्रत्येक अर्ध्याने आपला तुटलेला अर्धा भाग स्वतःच्या भूमीवर उभारण्याचा प्रयत्न केला. भारताने पश्चिम बंगाल, आसाम व बिहारमध्ये लागवड वाढवली. पूर्व पाकिस्तानात १९५१ मध्ये नारायणगंज येथे आदमजी गिरणी सुरू झाली. भारताचे तागाचे उत्पादन १९५०-५१ मध्ये ३३ लाख गाठी होते, ते २०००-०१ मध्ये ९३ लाख गाठींवर गेले.

पूर्वेकडे तागाला लवकरच राजकीय अर्थ प्राप्त झाला. तागाने मिळवलेले परकीय चलन पश्चिम पाकिस्तानाकडे वळते, ही तक्रार १९६६ च्या सहा कलमी मागणीमागील प्रमुख कारणांपैकी एक होती. बांगलादेशाच्या निर्मितीनंतर १९७२ मध्ये गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. परंतु कृत्रिम धाग्याच्या पोत्यांनी जागतिक बाजारपेठ काबीज केली. २००२ मध्ये आदमजी गिरणी बंद पडली आणि २०२० मध्ये सरकारी क्षेत्रातील उरलेल्या २५ गिरण्यांचे उत्पादन थांबवण्यात आले. उत्पादनाचा भार त्यानंतर खासगी गिरण्यांवर आला. भारताने मात्र १९८७ च्या कायद्याने विशिष्ट मालासाठी तागाचे बारदान सक्तीचे केले. २०२३-२४ साठी हे प्रमाण अन्नधान्यास १०० टक्के व साखरेस २० टक्के होते. भारताचा ताग मुख्यतः देशातच खपतो, बांगलादेशाचा मुख्यतः बाहेर जातो. घसरण दोघांसमोर एकच होती. प्रतिसाद भिन्न होते.

आकड्यांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. भारतीय आकडेवारीत अनेकदा ताग व मेस्ता (अंबाडीवर्गीय धागा) एकत्र मोजतात. वर उल्लेखिलेल्या २०००-०१ सालचाच एकत्रित आकडा १०५ लाख गाठी होतो. एकविसाव्या शतकात उत्पादनात भारत पहिला व बांगलादेश दुसरा असला, तरी कच्च्या तागाच्या निर्यातीत बांगलादेश अग्रेसर राहिला. ताग कुजवण्यास तेथे स्वच्छ, वाहते पाणी अधिक मिळते, म्हणून धाग्याचा रंग व प्रतही सरस ठरते. उलट, बराकपूरच्या संशोधन संस्थेत विकसित झालेल्या जेआरओ ५२४ या वाणाचे बियाणे भारतातून बांगलादेशात जाते. म्हणजे बांगलादेशी पिकात भारतीय बीज आणि भारतीय गिरणीत बांगलादेशी धागा, अशी ही सरमिसळ आहे. २०१७ मध्ये भारताने बांगलादेशी ताग-वस्तूंवर प्रतिपाटन शुल्क लावले. जून २०२५ मध्ये भू-सीमेवरून येणारा ताग-माल रोखून केवळ न्हावा-शेवा बंदराची वाट मोकळी ठेवली. शेजारच्या गावी जाणारा माल अरबी समुद्रमार्गे फिरवावा लागणे, यातून सीमारेषेचे स्वरूप पुरेसे स्पष्ट होते.

साहित्याभ्यासकाने यातून काय घ्यावे? पश्चिम बंगालचे व बांगलादेशाचे साहित्य यांची तुलना आपण बहुधा १९४७ हा आरंभबिंदू मानून करतो. त्यामुळे गिरणी-वस्तीचे चित्रण करणारी समरेश बसूंची 'जगद्दल' ही कादंबरी एका खान्यात पडते आणि पूर्वेकडील शेतकरीजीवनाचे चित्रण दुसऱ्या. वस्तुतः ही एकाच साखळीची दोन टोके आहेत. शिवाय हुगळीकाठच्या गिरण्यांतील बहुसंख्य मजूर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा व आंध्र येथून आले होते. तेव्हा या अनुभवाचा शोध केवळ बंगालीत घेऊन भागणार नाही. तुलनेची एकके आपल्याला आयती मिळत नाहीत, इतिहास ती घडवतो. साम्यभेदांची यादी करण्यापूर्वी ही एकके केव्हा व कशी घडली, हे तपासणे हे तुलनाकाराचे पहिले कर्तव्य होय.