अर्जातील मधली आठ वर्षे

लग्न, मुले, घरचे आजारपण यांपायी नोकरी सुटते आणि काही वर्षांनी पुन्हा अर्ज करावा लागतो. जुन्नर-आंबेगावात हे घरोघरी आहे. आमच्या वहिनींचा अर्ज लिहिताना त्या म्हणाल्या, “भाऊजी, घरगुती अडचणींमुळे नोकरी सोडली, क्षमस्व, असं लिहा.” मी ‘क्षमस्व’ गाळले. खंड लपवू नये, त्याची माफीही मागू नये. कारण व वर्षे एका ओळीत पुरतात. पूर्वीच्या शाळेचा अनुभवाचा दाखला जोडावा आणि मधल्या काळातले काम नेमके सांगावे. वहिनींनी आठ वर्षे बचत गटाचे हिशेब व ठरावांची वही सांभाळली, हे त्या सांगणारच नव्हत्या!

सरकारी जागेला खंडापेक्षा वय आड येते. २०१६ पासून राज्यात सर्वसाधारण मर्यादा खुल्या वर्गास ३८, मागासवर्गीयांस ४३ अशी आहे. प्रकल्पग्रस्तांना ती ४५ पर्यंत शिथिल होते, शिवाय ५ टक्के समांतर आरक्षण. डिंभे धरणात जमिनी गेलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. मात्र दाखल्यावर नाव एकाचेच लागते. आमच्या घरी ते माझे आहे. वहिनी चाळिशीच्या, खुल्या वर्गातील. म्हणून त्यांचा अर्ज मंचरच्या एका खाजगी शाळेकडे गेला आहे.