आचार्य की आचारी?

तंत्रज्ञानातल्या मानकांवर एक पुस्तक निघतंय, त्यात तुम्हीही लेख द्या, असा निरोप आला तेव्हा घरात हसू फुटलं. 'इंजिनिअर लोकांच्या पंगतीत तू काय वाढणार?' असं ह्यांनी विचारलंसुद्धा! पण संपादकांना हवा होता तो रोज वापरणाऱ्या बाईचा अनुभव. मग म्हटलं, लिहायचं ते अक्षरांवरच.

मैत्रिणींनो, मानक म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं माप. कुकरवरची आयएसआय खूण आपण बघून घेतो ना, तसंच माप संगणकातल्या अक्षरांनाही असतं. पूर्वी ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. आमच्या बचत गटाची यादी एका दुकानात टाइप केली आणि दुसरीकडे उघडली, की नावांच्या जागी नुसती चिन्हांची भेळ! कर्जाच्या अर्जासाठी पुन्हा पैसे मोजून टायपिंग. बाईच्या कष्टाच्या पैशांना अशी गळती लागायची.

त्यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. त्याचा पहिला खंड १९९१ साली निघाला. देवनागरीची मांडणी त्यात घेतली ती आपल्याच 'इस्की' या भारतीय मानकावरून. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, त्यामुळे यादी कुठेही उघडा, नाव तेच दिसणार.

पण मराठीचे लाड काही वेगळेच! 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यात किती फरक आहे, हे लग्नघरात विचारा. हा 'पुऱ्यां'मधला अर्धा 'र' हिंदीला लागत नाही, आपलं मात्र त्याच्यावाचून अडतं. 'ॲ' या अक्षराला तर स्वतंत्र क्रमांक मिळाला तो थेट २००८ साली. अशी अक्षरं आपोआप येत नाहीत. कुणीतरी रीतसर प्रस्ताव मांडावा लागतो, पुरावे द्यावे लागतात.

लेखात मी हेच लिहिलं. गटातल्या बायकांना विचारून कुणाचं नाव कुठे बिघडतं, याची उदाहरणं दिली. नावातलं एक अक्षर चुकलं तर बँकेत किती हेलपाटे पडतात, हे तिच्याइतकं कोण सांगणार?

आपली भारतीय मानक ब्युरोसुद्धा मानकांचे मसुदे लोकांच्या सूचनांसाठी खुले ठेवते. तेव्हा 'आपल्याला काय कळतंय त्यातलं' हे वाक्य आता मागे टाकू या. माप ठरवणारे ठरवतील, पण कुठे टोचतंय हे वापरणारीनंच सांगायला हवं. नाही का?