आधी वाट, मग घर

आमच्या घराण्याची गावाबाहेर ओढ्याकाठी चार एकर जमीन आहे. गाव वाढत वाढत तिच्या बांधाशी येऊन ठेपले, तेव्हा घरातील तरुण मंडळींच्या मनात आले की, येथे ज्वारी पिकविण्यापेक्षा भूखंड पाडून वसाहत वसवावी. माझा एक पुतण्या हिशेबात मोठा हुशार. एका रविवारी जेवणे आटोपल्यावर त्याने ओसरीवर कागद पसरला व आकडे मांडले. चार एकर म्हणजे १६० गुंठे. मधून वीस फुटी एक वाट सोडली, तर दोन-दोन गुंठ्यांचे ७० भूखंड सहज पडतात. "काका, आणखी काय पाहिजे?" असे म्हणून त्याने माझ्याकडे पाहिले.

मी विचारले, "पावसाचे पाणी कोठे जाईल? ती वाट कोणत्या रस्त्यास मिळेल? आणि मुले खेळतील कोठे?"

मंडळी हसली. शाळामास्तर निवृत्त झाला तरी प्रश्न विचारण्याची खोड जात नाही, असे थोरले दादाही म्हणाले. पण वाचकहो, हे प्रश्न मला पुस्तकाने शिकविले नव्हते. स्वतःच्या मूर्खपणाने शिकविले होते. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशातून २०१४ साली मी एका वसाहतीत भूखंड घेतला. नकाशा रंगीत होता. त्यात बाग होती, तीस फुटी रस्ता होता, पाण्याची टाकी होती. खरेदीखत झाल्यावर कळले की, तो रस्ता पुढे दुसऱ्याच्या शेताच्या बांधाशी संपतो. ओहोळ बुजवून त्यावरही भूखंड पाडलेले, म्हणून पहिल्याच पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचले. बागेची जागाही यथावकाश विकली गेली. माझ्या पुंजीचा मोठा भाग आजही तेथे बाभळींच्या मुळाशी पडून आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे मी मुलांना तीस वर्षे शिकविले. स्वतः मात्र विहीर न पाहताच तेथे राहावयास निघालो होतो!

वसाहत करणे म्हणजे जमिनीचे तुकडे पाडणे नव्हे, हे आपल्या प्रांताला फार पूर्वी कळले होते, आणि तेही मोठी किंमत देऊन. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट, अंधाऱ्या, निचरा नसलेल्या वस्त्यांत त्याने हाहाकार उडविला, तेव्हा १८९८ साली मुंबईत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या कारभारास दोषही होते; गरिबांची घरे पाडण्यात जो वेग दिसला, तो नवी बांधण्यात दिसला नाही. परंतु दादर-माटुंग्याकडील सुमारे ४४० एकरांच्या योजनेत त्याने एक क्रम पाळला. आधी रस्ते व गटारे आखली, मोकळी मैदाने राखली आणि मग घरांसाठी भूखंड दिले. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी व पाच बागांचा तो परिसर ज्यांनी पाहिला असेल, त्यांस या क्रमाचे फळ वेगळे सांगावयास नको. शंभर वर्षांनंतरही तेथील झाडांची सावली शाबूत आहे.

१९१५ हे साल या विषयात दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवी येथे सारस्वतांची सहकारी गृहसंस्था उभी राहिली, आणि मध्यम स्थितीतील कुटुंबे एकत्र येऊन स्वतःची घरे बांधू शकतात, हे सिद्ध झाले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्यातील युक्ती मोठी न्यायाची आहे. अनेक मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र धरावयाच्या. त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा आधी काढावयाच्या. उरलेली जमीन नीट चौकोनी भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांस परत द्यावयाची. प्रत्येकाचे क्षेत्र थोडे घटते, पण मोल वाढते, आणि त्या वाढीतून खर्चाचा काही भाग वसूल होतो. हेच तत्त्व पुढे महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातही आले. अलीकडे पुण्याजवळ हडपसरच्या मगर मंडळींनी असेच एक उदाहरण घातले. शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन परक्यास न विकता एकत्र केली व ज्याची जितकी जमीन, तितका त्याचा वाटा, अशा रीतीने स्वतःच नगर वसविले.

हे सारे मी ओसरीवर सांगितले. दादांनी ऐकून घेतले व म्हणाले, "मग तुझ्या पद्धतीने हिशेब करून दाखव."

प्रथम आम्ही कागदपत्रे काढली. सात-बारावर आम्हां चौघा भावांचीच नावे होती. दोघी बहिणींची नव्हती. २००५ च्या सुधारणेने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क दिला आहे. "आक्का काय, सांगितले तेथे सही करील," असे कोणीतरी म्हणाले. मी म्हटले, "ती करील, म्हणूनच तिच्याकडून ती मागू नये." दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतः आक्काला बोलावून घेतले. बहिणींची नावे लागली. सहा वाटे झाले. त्यानंतर सरकारी मोजणी आणवून हद्दीचे दगड कायम केले. वादातील हद्दीवर आखलेला नकाशा म्हणजे वाळूवरची रांगोळीच होय.

पुढे आषाढातील एका मुसळधार दिवशी पुतण्यास छत्री देऊन मी शेतावर नेले. वरच्या माळाचे पाणी आमच्या जमिनीच्या अगदी मधून ओढ्याकडे धावत होते. त्याच्या कागदावर तेथे अकरा घरे होती! तो काही बोलला नाही. पण घरी येताच त्याने जुना कागद घडी घालून ठेवून दिला.

नवा हिशेब असा झाला. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे एवढ्या क्षेत्रात दहावा हिस्सा मोकळा ठेवावा लागतो. म्हणजे १६ गुंठे. तीस फुटी रस्ते, गटारे व पाण्याची वाट यांस मिळून ४० गुंठे गेले. उरले १०४ गुंठे, म्हणजे ५२ भूखंड. अठरा भूखंड कमी झाले. त्यांचे पैसे बुडाले काय? होय, काही अंशी बुडाले. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. पुतण्या चार दिवस रुसून बसला होता. परंतु ते अठरा भूखंड मुळी आमचे नव्हतेच. ते पावसाच्या पाण्याचे, चालणाऱ्या पायांचे व उद्याच्या मुलांचे होते. आम्ही केवळ ते विकले नाहीत, इतकेच.

पैशाची शिस्तही कायद्याने सोपी केली आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जमिनीवरील अशा योजनेची नोंदणी झाल्याखेरीज जाहिरातही करता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून त्याच कामी लावावी लागते. २०१४ साली हा नियम असता, तर माझ्या बाभळींची कथा कदाचित निराळी झाली असती. आम्ही आणखी एक पथ्य पाळले. रस्ता, गटार व पाण्याची नळवाट पुरी होईपर्यंत एकही भूखंड विकला नाही. त्यासाठी घरातील ठेवी मोडाव्या लागल्या, आणि दोन वर्षे सर्वांनीच हात आखडता घेतला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही घरांच्या जागांचा स्वतंत्र विचार आहे. जमीन विकताना तिच्या सीमा शेजाऱ्यांच्या समक्ष जाहीर कराव्यात, असे तेथे सांगितले आहे. नियम नवे असोत वा जुने, मर्म एकच : जे चार लोकांसमोर मोठ्याने सांगता येत नाही, ते जमिनीच्या व्यवहारात करू नये.

असो. आज तेथे सात घरे उभी राहिली आहेत. मोकळ्या जागेभोवती कडुनिंब व बकुळ लावले आहेत. ती जागा पुढे रहिवाशांच्या संस्थेच्या स्वाधीन होईल. गेल्या पावसाळ्यात पुतण्या आपणहून छत्री घेऊन आला व म्हणाला, "काका, चला, पाणी कसे जाते ते पाहून येऊ." आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. पाणी आपल्या वाटेने खळखळत ओढ्याकडे गेले, आणि सातही घरांचे उंबरे कोरडे होते.