पुट्टी कुठे धरते, कुठे सुटते

नळाच्या बुडाशी पाणी झिरपू लागलं की जालन्याच्या हार्डवेअर दुकानात कुणी इपॉक्सी पुट्टी मागत नाही, ‘एम-सील द्या’ म्हणतात, मग कंपनी कोणतीही असो. पाकिटात दोन तुकडे निघतात. एकात इपॉक्सी रेझीन, दुसऱ्यात हार्डनर, दोन्हींत बारीक खनिज भुकटी. कणकेसारखे एकत्र मळले की हार्डनर रेझीनच्या रेणूंना एकमेकांशी बांधू लागतो. ही पुट्टी वाऱ्यावर सुकत नाही, रासायनिक क्रियेने घट्ट होते. म्हणून गोळ्यात दोन रंगांच्या रेघा राहिल्या, तर तिथला भाग कच्चाच राहतो.

तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियेचा वेग जवळपास दुप्पट होतो. जालन्याचा मे महिना चाळिशी ओलांडतो, तेव्हा हाताशी फार वेळ नसतो. पाइप आधी पॉलिशपेपरने घासून, कोरडा करून ठेवावा आणि मगच पुट्टी मळायला घ्यावी. हातमोजे हवेतच. कच्च्या रेझीनने आणि हार्डनरने काहींच्या त्वचेला कायमची ॲलर्जी जडते.

लोखंडी पाइप, सिमेंटचा हौद, फरशी इथे पुट्टी घट्ट धरते. फसगत होते ती शेतात. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा जळाल्या. ते पाहिलेल्या माणसाला ठिबकच्या नळीतून वाया जाणारं पाणी बघवत नाही. हाताशी असलेली पुट्टी तो तिथेच थापतो आणि दोन दिवसांत ती निघून येते. दोष त्याच्या हाताचा नाही. ठिबकची ही नळी, म्हणजे लॅटरल, पॉलिथिलीनची असते. या प्लास्टिकवर इपॉक्सी नीट पसरतच नाही, त्यामुळे चिकटतही नाही. त्यात नळी वाकते आणि पुट्टी ताठ. तिथे फाटका भाग कापून जॉइनर घालणं हाच इलाज. गच्चीवरची काळी टाकीही बहुधा पॉलिथिलीनचीच. तिला प्लास्टिक वेल्डिंग करणारा गाठावा.

तिसरी जागा सर्वांत धोक्याची आहे. हवा तो आकार देता येतो म्हणून या पुट्टीतून घरच्या घरी ई-सिगारेटचं खोकं घडवण्याची कल्पना तरुण पोरांच्या डोक्यात येते. साधी पुट्टी शंभर-सव्वाशे अंशांपलीकडे टिकत नाही. द्रवाची वाफ करणारी कॉइल दोनशेच्या पुढे जाऊ शकते. तापलेल्या, कच्च्या राहिलेल्या पुट्टीतून जे सुटेल, ते थेट फुप्फुसात जाणार. शेजारीच लिथियमची बॅटरी. ती बिघडून तापली तर आतला वायू बाहेर पडायला वाट लागते, आणि घट्ट बुजवलेल्या खोक्यात ती वाट नसते. हे सगळं ओठांपासून चार बोटांवर!

‘विकणार नाही, स्वतःपुरतं करतोय’ असं या पोरांना वाटतं. भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे, आणि त्या कायद्याने उत्पादनाची व्याख्या फार रुंद ठेवली आहे. नुसती जुळवणी आणि सुटे भाग बनवणंही तिच्यात येतं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलं तर कैद तीन वर्षांपर्यंत आणि दंड ५ लाखांपर्यंत जातो.